एसआयवायबी उद्योजकता प्रशिक्षण: वही चांगली, पण नुसत्या वहीवर बेरोजगारी हटत नाही

पैसे मोजणारा एक आणि वर्गात बसणारा दुसरा, ही उद्योजकता प्रशिक्षणाची मूळ गोची. फी एखादी संस्था, बँक नाहीतर सरकारी खातं भरतं. खुर्चीत बसते ती नोकरी न मिळालेली मुलगी किंवा मुलगा. साहजिकच या मालाची पारख चुकीच्या टोकाकडून होते. किती तुकड्या झाल्या, किती प्रमाणपत्रं वाटली, समारोपाच्या फॉर्मवर किती जणांनी 'उत्तम'वर खूण केली, एवढंच अहवालात येतं. समारोपाला सगळेच खुशीत असतात. नव्याचे नऊ दिवस, त्यातला तो पाचवा.

इथे पारखायला घेतलंय ते आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं, म्हणजे आयएलओचं, 'स्टार्ट अँड इम्प्रूव्ह युवर बिझनेस' हे पॅकेज. कामातली माणसं त्याला एसआयवायबी म्हणतात. याचं मूळ स्वीडनमधलं. तिथल्या मालक संघटनेने १९७० च्या दशकात छोट्या व्यावसायिकांसाठी एक अभ्यासक्रम काढला, तो आयएलओने विकसनशील देशांसाठी बदलून घेतला, आणि आज तो शंभरावर देशांत चालतो. तरुणांची बेरोजगारी कमी करायची म्हणून कुणी प्रशिक्षण 'विकत' घ्यायला निघालं की पहिलं नाव बहुतेक वेळा याचंच पुढे येतं. म्हणून ते घ्यावं का, घेतलं तर त्यातलं नेमकं काय घ्यावं आणि सोबत काय जोडावं, हे नीट बघायला हवं.

आधी डब्यात काय काय आहे ते. पॅकेज एक नाही, चार आहेत. 'जनरेट युवर बिझनेस आयडिया' ज्याला धंदा करायचाय पण कुठला ते ठरलेलं नाही त्याच्यासाठी, दोन ते तीन दिवसांचं. 'स्टार्ट युवर बिझनेस' ज्याची कल्पना पक्की झाली आहे त्याच्यासाठी, पाच दिवसांचं. 'इम्प्रूव्ह' आधीपासून धंदा चालवणाऱ्यांसाठी, पूर्ण घेतलं तर सात दिवसांचं. यातले मार्केटिंग, खरेदी, साठा, खर्चाचा हिशोब, नोंदी हे भाग सुटेही घेता येतात. 'एक्सपांड' वाढीच्या वाटेवरच्या उद्योगांसाठी, एक ते दोन आठवड्यांचं. बेरोजगार तरुणांचा संबंध पहिल्या दोनांशी. तरीही 'इम्प्रूव्ह' सरसकट सगळ्यांना दिल्याचं दिसतं, कारण दिवस जास्त म्हणजे माल जास्त असं वाटतं. ज्याच्याकडे अजून एकही वस्तू विकायला नाही त्याला साठा व्यवस्थापन शिकवणं म्हणजे बाजारात तुरी. 'एक्सपांड'चा तर इथे प्रश्नच येत नाही.

कमी शिकलेल्यांसाठी हे पॅकेज जड जातं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाचता-लिहिता येणं आणि टक्केवारी काढता येणं त्यात गृहीत आहे. जिथे ते नाही तिथे आयएलओचंच 'गेट अहेड' जास्त चालतं. मुळात ते अल्पशिक्षित महिलांसाठी बनवलेलं आहे आणि त्यात लिखाणापेक्षा कृती जास्त आहे.

कल्पनेची चाळणी

पहिलं पॅकेज दिसायला पोरकट वाटतं, पण तरुणांच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान टाळतं ते हेच. स्वतःकडे काय आहे हे तपासायचं: कौशल्य, वेळ, घरचा पाठिंबा, पैसा. मग कल्पनांची लांबलचक यादी करायची, ती चाळून थोड्यांवर आणायची, आणि उरलेल्या दोन-तीन कल्पनांचं बळ, उणिवा, संधी आणि धोके मांडून एक ठेवायची. मध्ये बाहेर पडून माणसांना भेटायचं असतं, आणि गाडी घसरते ती इथेच. प्रशिक्षकाला तीन दिवस दोनात बसवायचे असतात, म्हणून बाहेर पडण्याचा भाग 'घरी करून या'वर जातो आणि होतच नाही. मग पंचवीस जणांच्या वर्गात सोळा जणांची कल्पना एकच निघते: मोबाइल दुरुस्ती, नाहीतर पार्लर, नाहीतर कपड्यांचं दुकान. डोळ्यांसमोर जे दिसतं तेच सुचतं.

यावर उपाय सोपा आहे, फक्त वेळापत्रकात जागा हवी. कल्पनेचा वर्ग आणि आराखड्याचा वर्ग यांच्यात किमान दहा-बारा दिवसांची फट ठेवा. त्या दिवसांत प्रत्येकाने दहा संभाव्य गिऱ्हाइकांना, त्याच धंद्यातल्या तिघांना आणि माल देणाऱ्या दोन ठोक व्यापाऱ्यांना भेटून लेखी नोंद आणायची. गिऱ्हाइकाला 'घ्याल का?' विचारू नये, कारण तोंडावर नाही कुणी म्हणत नाही. 'गेल्या वेळी कुठून घेतलं, केवढ्याला, आणि तिथे काय खटकलं?' असं विचारावं. ही पंधरा नोंदींची वही आणणाऱ्यालाच पुढच्या पाच दिवसांत बसवा. गळती होईल. होऊ द्या, ती इथे स्वस्त पडते, कर्ज घेतल्यावर महाग.

पाच दिवसांतले दोन दिवस

'स्टार्ट युवर बिझनेस'मध्ये एक मार्गदर्शक पुस्तिका आणि एक भरायची वही असते. शेवटी हाती उरते ती वही, म्हणजे व्यवसायाचा आराखडा: कल्पना, बाजार, माणसं, व्यवसायाचं कायदेशीर रूप, परवाने आणि विमा, लागणारं भांडवल, खर्च, विक्रीचा आणि रोख रकमेचा अंदाज, आणि शेवटी कामांची यादी. पुस्तिकेची भाषा सरळ आहे, उदाहरणं छोट्या धंद्यांची आहेत, आणि प्रत्येक पायरीला भरायचा तक्ता आहे. बाजारातल्या कितीतरी चकचकीत 'स्टार्टअप' कोर्सेसपेक्षा हे कितीतरी जमिनीवर आहे.

पण पाचही दिवस सारखे मोलाचे नाहीत. कायदेशीर रूपावर अर्धा दिवस घालवणारे प्रशिक्षक असतात. एकट्याने सुरू होणाऱ्या छोट्या धंद्याला त्यातलं वीस मिनिटांचं पुरतं. खरा माल दोन ठिकाणी आहे, खर्च काढणं आणि रोख रकमेचा तक्ता. निवड करायची वेळ आली तर बाकी सगळं आटोपतं घ्या, या दोन गोष्टींना मिळून पूर्ण दोन दिवस द्या.

खर्चाचा हिशोब बघा. चलन कुठलंही धरा. एक जण शाळेची दप्तरं शिवून विकणार आहे. एका दप्तराचं कापड, चेन, दोरा मिळून १२०. शिलाई ४०. झाले १६०. बाजारात भाव २००. वर्गात बसण्याआधी जवळजवळ प्रत्येक जण सांगतो, 'दप्तरामागे ४० सुटतात.' आता पुस्तिका पुढची पायरी करायला लावते. भाडं, वीज, फोन, ने-आण, मशीनची झीज असा महिन्याचा वरखर्च ९,००० धरा. झीज म्हणजे काय तेही इथेच कळतं: २४,००० ची मशीन पाच वर्षं चालणार असेल तर महिन्याला ४०० बाजूला पडायला हवेत, नाहीतर सहाव्या वर्षी मशीनही नाही आणि पैसाही नाही. महिन्याला ३०० दप्तरं होत असतील तर शिलाईचा एकूण खर्च १२,०००. वरखर्च ९,००० म्हणजे शिलाईच्या ७५ टक्के. म्हणून प्रत्येक दप्तराच्या ४० शिलाईवर आणखी ३० चढतात. खरा खर्च १९०, नफा १०.

आणि ३०० ऐवजी २०० च दप्तरं झाली तर? शिलाई ८,०००, वरखर्च तेवढाच ९,०००, म्हणजे ११२.५ टक्के. ४० वर ४५ चढले. खर्च २०५. भाव २००. प्रत्येक दप्तरामागे ५ चा तोटा, आणि गडी मनात ४० नफा मोजतोय! पूर्ण पॅकेजमधला सर्वात मोलाचा तास हाच. एकदा हे गणित स्वतःच्या आकड्यांनी केलं की माणूस भाव पाडून विकायला पुन्हा धजत नाही.

यात हमखास होणारी चूक म्हणजे स्वतःची मजुरी न धरणं. 'मी स्वतःच शिवणार, मजुरी कसली?' असं म्हणून ४० चे शून्य होतात आणि सगळा तक्ता खोटा पडतो. दुसरी चूक प्रशिक्षकाची: वर्गात सगळ्यांना पुस्तिकेतलंच उदाहरण सोडवायला लावायचं आणि स्वतःचे आकडे 'घरी भरा' म्हणायचं. उदाहरण अर्ध्या तासात सुटतं. स्वतःचा वरखर्च आठवायला दोन तास लागतात, आणि त्या दोन तासांसाठीच तर वर्ग आहे.

नफा आहे, पैसा नाही

आता रोख रकमेचा तक्ता. हेच दप्तरवाले पुढे न्या. मशीन घेऊन झाल्यावर हातात ६०,००० रोख. महिन्याचा खर्च: माल ३६,०००, शिलाई १२,०००, वरखर्चातले रोख ८,६०० (झीज हातातून जात नाही, म्हणून ४०० वगळले). एकूण ५६,६००. विक्री ६०,००० ची. पण निम्मा माल शाळेला दोन महिन्यांच्या उधारीवर, म्हणून रोख येतात ३०,०००. पहिल्या महिन्याअखेर शिल्लक ३३,४००. दुसऱ्या महिन्याअखेर ६,८००. तिसऱ्या महिन्यात पहिली उधारी वसूल झाली तर ६०,००० येतात आणि शिल्लक १०,२०० वर जाते. वहीवर सगळं हिरवंगार. नफा दर महिन्याला ३,०००.

पण जरा दुसऱ्या महिन्याच्या एक तारखेला उभे राहा. हातात ३३,४०० आहेत आणि माल भरायला ३६,००० हवेत. महिनाअखेरचा आकडा शून्याच्या वर असूनही धंदा महिन्याच्या सुरुवातीलाच अडला. तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला तर हातात फक्त ६,८००. एसआयवायबीचा तक्ता महिन्यावार आहे, आणि उधारीवर चालणाऱ्या नव्या धंद्यासाठी ही त्याची खरी उणीव. उपाय म्हणून पहिल्या तीन महिन्यांचा तक्ता आठवड्यावार काढायला लावावा. बारा आठवडे, बारा रकाने, एक मोठा कागद. त्यातून दोनच निर्णय निघतात: एकतर शाळेकडून अर्धी रक्कम आगाऊ घ्यायची, नाहीतर पहिल्या महिन्यात १५० दप्तरांवरच थांबायचं. शिवाय वरच्या गणितात कर्जाचा हप्ता धरलेलाच नाही. दरमहा ३,००० नफा असलेल्या धंद्यावर ४,००० चा हप्ता बसवून दिलेले आराखडे मंजूर होतात, यातच सगळं आलं.

आराखडा तपासताना आणखी एक खूण बघावी. विक्रीचा आकडा दर महिन्याला सरळ शिडीसारखा वाढत गेलेला दिसला, की तो आराखडा स्वतः केलेला नाही. खऱ्या धंद्याला हंगाम असतो; दप्तरं शाळा उघडताना खपतात आणि पुढे कित्येक महिने मशीनवर धूळ बसते. कर्जाच्या फाइलला जोडायला दुसऱ्याकडून टंकून आणलेले असे प्रकल्प अहवाल म्हणजे निव्वळ कागदी घोडे. प्रशिक्षणाने हे घोडे नाचवायला शिकवलं तर ते न दिलेलं परवडलं.

पॅकेजसोबत एक खेळ येतो, आणि त्याची तारीफ करायलाच हवी. गट पाडतात, प्रत्येकाकडे गल्ला असतो, कागद 'कच्चा माल' म्हणून विकत घ्यायचा, त्याच्या टोप्या करून बाजारात विकायच्या, आणि दिवसांचं चक्र फिरत राहतं. भिंतीवरच्या तक्त्याने जे डोक्यात शिरत नाही ते इथे तासाभरात शिरतं: हव्यासाने जास्त कागद भरून ठेवणारा गट पैसे देण्याच्या दिवशी कफल्लक असतो. फक्त खेळानंतरची चर्चा कापू नका. 'मजा आली' म्हणून उठले तर तो नुसता कागदकामाचा तास झाला.

पुरावा काय म्हणतो

यावर नीट तपासण्या झाल्या आहेत, आणि त्या वाचल्या की फुगा बराचसा खाली येतो. श्रीलंकेत याच पॅकेजची महिलांवर चाचणी झाली. काही जणींचा धंदा आधीपासून होता, काहींचा नव्हता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आधीपासून धंदा असलेल्यांना नुसतं प्रशिक्षण दिल्यावर काही सवयी सुधारल्या, पण नफा वाढला नाही. प्रशिक्षणासोबत रोख अनुदान मिळालेल्यांचा नफा सुरुवातीला चांगला वाढला, पण दुसऱ्या वर्षी तो फरक विरला. ज्यांचा धंदाच नव्हता त्यांनी प्रशिक्षणामुळे तो लवकर सुरू केला. मात्र काही काळाने बघितलं तर प्रशिक्षण न घेतलेल्यांतही तितक्याच जणींनी धंदा काढला होता. तरी प्रशिक्षण घेऊन सुरू करणाऱ्यांचे धंदे जास्त नफ्याचे निघाले, ही त्यातली जमेची बाजू.

म्हणजे प्रशिक्षण कुचकामी का? तसंही नाही. निरनिराळ्या देशांतल्या अशा चाचण्या एकत्र करून काढलेली सरासरी विक्रीत सुमारे ५ टक्के आणि नफ्यात सुमारे १० टक्के वाढ दाखवते. छोट्या धंद्यासाठी दहा टक्के थोडे नाहीत. पण दहा टक्के नफावाढ म्हणजे दुसऱ्या माणसाला कामावर ठेवण्याइतकी ऐपत नव्हे, आणि बेरोजगारी घटवण्याची भाषा करणाऱ्यांनी हा फरक झाकू नये.

टोगोची राजधानी लोमे इथे १,५०० छोट्या व्यावसायिकांचे तीन गट पाडून केलेली तुलना २०१७ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला हिशोब, मार्केटिंगचं नेहमीचं प्रशिक्षण, दुसऱ्याला स्वतःहून पुढाकार घेणं, पुढचा विचार करणं, अडथळा आला तरी मागे न हटणं याचा सराव, तिसऱ्याला काहीच नाही. पुढाकाराचा सराव मिळालेल्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाने ११ टक्के, आणि तोही योगायोगापासून वेगळा काढता येण्याइतका ठोस नव्हता. वर्गाचे तास ३६ च होते. त्यानंतर चार महिने प्रशिक्षक महिन्यातून एकदा प्रत्येकाच्या धंद्याच्या जागी जात होता, आणि ही गोष्ट लोक उद्धृत करताना विसरतात. दोन्ही प्रशिक्षणांना या भेटी होत्या हेही खरं. म्हणून श्रेय नुसत्या भेटींना देता येत नाही.

एसआयवायबी इथे तोकडं पडतं. त्यात स्वभावाची तपासणी आहे, पण सराव नाही. तो हवा असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या अंक्टाड या व्यापार-विकास संस्थेचं 'एम्प्रेटेक' आहे: १९८८ साली अर्जेंटिनात सुरू झालेलं, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या संशोधनावर उभं असलेलं, सहा दिवसांचं आणि दमवणारं. संधी शोधणं, मोजकी जोखीम घेणं, दिलेला शब्द पाळणं अशा दहा सवयींवर त्याचा भर आहे. याच मॅक्लेलंड यांनी १९६० च्या दशकात आंध्रातल्या काकिनाड्याच्या व्यावसायिकांवर असा प्रयोग केला होता, त्यामुळे कल्पना नवी मुळीच नाही. मात्र 'एम्प्रेटेक'मध्ये मुलाखतीने निवड होते आणि ज्यांच्यात ठिणगी आहे त्यांनाच घेतात. सरसकट बेरोजगारांसाठी ते नाही.

पैसा हाच अडथळा असेल तर काय होतं ते उत्तर युगांडातून कळतं. तिथे तरुणांच्या गटांना हुन्नर शिकायला आणि अवजारं घ्यायला एकरकमी अनुदान दिलं. चार वर्षांनी त्यांची कमाई इतरांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त होती. नऊ वर्षांनी फरक मिटला होता, कारण अनुदान न मिळालेलेही कमवायला लागले होते. याचा अर्थ पैसे वाया गेले असा नाही. ऐन उमेदीची काही वर्षं लवकर मार्गी लागली. पण 'एकदा दिलं की कायमचं सुटलं' हा दावाही त्यात बसत नाही.

कुठे फसतं

फसण्याची मुळं वर्गाबाहेर असतात. भांडवल सर्वात आधी. आयएलओच्याच आकड्यांनुसार २०२३ साली जगात १५ ते २४ वयोगटातल्या, काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या तरुणांपैकी सुमारे १३ टक्के बेरोजगार होते, आणि एकूण तरुणांत पाचातला एक जण ना शिक्षणात, ना नोकरीत, ना प्रशिक्षणात. या वयात साठवलेला पैसा नसतो, तारण नसतं, ओळखीचा व्यापारी नसतो. प्रशिक्षण मार्चमध्ये आणि कर्ज नोव्हेंबरमध्ये मिळालं तर आराखड्यातले भाव शिळे होतात आणि उमेदही. कर्ज किंवा अनुदानाचा निर्णय वर्ग संपल्यापासून सहा आठवड्यांत लागणार नसेल तर ती तुकडी सुरूच करू नये.

दुसरं, एका गावात एकाच धंद्याच्या तुकड्या. वीस नव्या शिलाई मशीन सुरू झाल्या म्हणून कपडे शिवून घेणारे वाढत नाहीत. जुन्या दहा शिंप्यांची गिऱ्हाइकं वाटली जातात. अहवालात वीस रोजगार दिसतात, गल्लीत कदाचित पाचच वाढलेले असतात.

तिसरं, नोंदवही. वर्गात शिकवलेली रोजची वही साधारण तिसऱ्या आठवड्यात बंद पडते. कारण आळस नसतो. रात्री दुकान बंद करताना दमलेल्या माणसाला पाच रकाने भरवत नाहीत. डॉमिनिकन प्रजासत्ताकात याची चाचणी झाली आहे. रीतसर हिशोब शिकवलेल्यांत फारसा फरक पडला नाही, पण साधे ढोबळ नियम दिलेल्यांच्या सवयी सुधारल्या: धंद्याचे आणि घरचे पैसे दोन वेगळ्या खणांत ठेवायचे, घरासाठी ठरलेलाच पगार उचलायचा. एसआयवायबीचा नोंदींचा भाग शिकवताना आधी हे दोन खण द्या. वही नंतर, आणि तीही तीनच रकान्यांची: आले, गेले, उधार.

प्रशिक्षक हा चौथा मुद्दा, आणि त्यात फसवणूक सोपी आहे. पद्धतीप्रमाणे मास्टर ट्रेनर प्रशिक्षक घडवतो, प्रशिक्षकाने प्रत्यक्ष वर्ग घेऊन दाखवल्यावर त्याला प्रमाणपत्र मिळतं. बाजारात मात्र नुसत्या प्रशिक्षण-वर्गाला बसून आलेले लोकही 'एसआयवायबी ट्रेनर' म्हणून फिरतात. प्रमाणपत्र कुठल्या पॅकेजचं आहे ते बघा. 'स्टार्ट'चा प्रशिक्षक 'इम्प्रूव्ह' शिकवू शकतोच असं नाही. त्याच्या मागच्या तुकडीतल्या तिघांना, धंदा बंद पडलेला एक धरून, फोन करा. वर्ग वीस-पंचवीसच्या वर गेला तर कुणाचाही तक्ता तपासून होत नाही.

घ्यावं का?

पुस्तिका आणि तक्त्यांना पाचपैकी चार. खेळाला पाच. वेळापत्रकाला अडीच, कारण पाच दिवसांत सगळं उरकायच्या नादात बाजारपेठ बघणं राहून जातं. वर्गानंतरच्या साथीला कागदावर चार: पॅकेजच्या आखणीतच गरज तपासणी, वर्ग, नंतरचा सल्ला, व्यावसायिकांचे छोटे गट आणि मोजमाप असं पूर्ण चक्र दिलेलं आहे. प्रत्यक्षात मात्र एक. पैसे कमी पडले की याच भागावर पहिली कात्री चालते आणि नावापुरतं पॅकेज तेच राहतं.

विकत घेणाऱ्या संस्थेने करारातच हे आवळून घ्यावं. वर्ग संपल्यावर फीची निम्मीच रक्कम द्या. उरलेली भेटींवर: पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, धंद्याच्या जागी, किमान एक तास. उरलेली रक्कम धंदे टिकण्याशी बांधायचा मोह होतो, तो टाळा. तसं केलं की प्रशिक्षक ज्यांचा धंदा आधीच चालू आहे अशांनाच 'बेरोजगार' म्हणून भरती करतो, आणि ज्याला खरी गरज आहे तो दारातूनच परत जातो. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर चिठ्ठ्या टाकून निवडा आणि राहिलेल्यांचीही वर्षाने चौकशी करा. प्रशिक्षणाने काय साधलं हे त्याशिवाय कळत नाही. मोजताना धंदा सोडून नोकरी पकडलेल्याला 'अपयशी'च्या रकान्यात टाकू नका. मुद्दा बेरोजगारीचा होता.

वर्गात बसणाऱ्यासाठी वेगळं सांगायचं तर, फुकट मिळत असेल आणि डोक्यात एखादी कल्पना घोळत असेल तर जरूर जा, पण तोंडपाठ आकडे घेऊन जा: कच्च्या मालाचे ठोक भाव, जागेचं भाडं, शेजारच्या दुकानाची दिवसाची गिऱ्हाइकं. नुसतं प्रमाणपत्र कर्जाच्या फाइलला लागतं म्हणून जायचं असेल तर पाच दिवस मजुरी बुडेल, तेवढा हिशोब आधी करा.

आणि भेटीला जाणाऱ्याने दुकानात शिरल्या शिरल्या नोंदवही मागू नये. आधी उधारीची यादी मागावी. ती पाठ असते, लपवता येत नाही, आणि सर्वात जुनी तारीख किती महिन्यांपूर्वीची आहे हे पाहिलं की बाकीची वही कुठे बघायची ते आपोआप कळतं.